टू-डी इकोचा आकडा आणि रुग्णाचे भवितव्य

हृदयविकाराच्या रुग्णाची टू-डी इको तपासणी झाली की तिच्या अहवालातला एक आकडा रुग्णाबरोबर घरी जातो आणि पुढे अनेक महिने नातेवाइकांच्या बोलण्यात राहतो. पंपिंग ६० टक्के आहे असे कळले की जीव भांड्यात पडतो, २५ टक्के कळले की घरावर सावट येते. अतिसूक्ष्म ध्वनिलहरींनी काढलेल्या चित्रावरून रोगाचे निदान होते हे आता सर्वपरिचित आहे; परंतु त्याच चित्रावरून रुग्णाला पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागेल काय, त्याच्या जिवाला अचानक धोका संभवतो काय, असा पुढचा अंदाजही बांधला जातो, आणि तो कसा बांधला जातो व कितपत खरा मानावा हे रुग्णाला क्वचितच कोणी समजावून सांगते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा अंदाज आहे, आणि त्यासाठी आधी त्या आकड्याच्या उगमापर्यंत जाणे आवश्यक आहे.

मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो; हृदयाच्या सोनोग्राफीत वापरला जाणारा ध्वनी सेकंदाला साधारण २० ते ५० लाख कंपनांचा असतो. छातीवर टेकवल्या जाणाऱ्या प्रोबमध्ये असे स्फटिक असतात की ज्यांना विजेचा दाब दिला असता ते कंप पावतात आणि उलट, ज्यांच्यावर कंपन येऊन आदळले असता ते वीज निर्माण करतात; यांपैकी दुसरा गुणधर्म जाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिला होता. शरीराच्या मऊ ऊतींतून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो, त्यामुळे एक सेंटीमीटर खोलीवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीला सुमारे १३ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखांश भागाच्या १३ पट, एवढाच वेळ लागतो, आणि यंत्र या वेळावरून अंतर काढून पडद्यावर ठिपका उमटवते. सोनोग्राफीचे चित्र हे अशा प्रकारे मुळातच मोजमाप असते, छायाचित्र नव्हे, आणि पुढच्या सर्व विवेचनाचा आधार हाच आहे.

हृदयाच्या बाबतीत हे मोजमाप प्रथम स्वीडनमधील लुंड येथे १९५३ मध्ये झाले. इंगे एडलर या हृदयरोगतज्ज्ञांना, झडप अरुंद झालेल्या रुग्णांपैकी शस्त्रक्रियेचा लाभ कोणाला होईल हे शस्त्रक्रियेपूर्वीच ठरवायचे होते, आणि हेल्मुट हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञांना धातूतील भेगा शोधणारे यंत्र ठाऊक होते. माल्मो येथील जहाजबांधणीच्या कारखान्यातले तसे एक यंत्र वापरून दोघांनी धडधडत्या हृदयाचे प्रतिध्वनी नोंदवले. ज्या प्रतिध्वनीची हालचाल सर्वांत ठळक होती तो आरंभी डाव्या कर्णिकेच्या, म्हणजे वरच्या डाव्या कप्प्याच्या, भिंतीचा समजला गेला, आणि तो वस्तुतः मिट्रल, म्हणजे डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या, झडपेच्या पुढच्या पाकळीचा आहे हे मरणोत्तर तपासणीच्या आधाराने एडलर यांनी नंतर निश्चित केले. ती पाकळी जितकी सावकाश मागे येते तितकी झडप अधिक अरुंद, हा संबंध त्यांना आढळला. इकोचा जन्मच, एका अर्थी, निदान आणि भवितव्य यांच्या सीमेवर झाला आहे, कारण रोग आहे हे एडलर यांना ठाऊकच होते. त्यांचा प्रश्न रुग्णाच्या पुढच्या वाटचालीचा होता.

आता पंपिंगचा आकडा. वैद्यकीय भाषेत त्याला इजेक्शन फ्रॅक्शन, संक्षेपाने ईएफ, म्हणतात. हृदयाची डावी जवनिका, म्हणजे शरीराला रक्त पुरवणारा खालचा डावा कप्पा, पूर्ण भरलेली असताना तीत जेवढे रक्त असते त्यापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर टाकले जाते, एवढेच हा आकडा सांगतो. निरोगी हृदयही सगळे रक्त कधीच बाहेर टाकत नाही. भरलेल्या जवनिकेत १२० मिलिलिटर रक्त असून ठोक्यानंतर ५० मिलिलिटर शिल्लक राहिले, तर ७० मिलिलिटर बाहेर गेले आणि ईएफ सुमारे ५८ टक्के झाला, जो पूर्णतः प्राकृत आहे. म्हणून २५ टक्के याचा अर्थ हृदयाचा पाऊण भाग मेला असा जो समज घरोघरी आढळतो, तो निराधार असून रुग्णाचा धीर अकारण खचवणारा आहे. हृदयविकाराच्या झटक्याने किंवा अन्य कारणाने स्नायू दुबळा झाला की जवनिका प्रसरण पावते. समजा तिच्यात २४० मिलिलिटर रक्त मावू लागले आणि प्रत्येक ठोक्यात ६० मिलिलिटर बाहेर गेले, तर ईएफ २५ टक्क्यांवर येतो, पण शरीराला दर ठोक्याला मिळणारे रक्त निरोगी हृदयाच्या तुलनेत फारसे कमी झालेले नसते. असा रुग्ण खुर्चीत बसून शांतपणे बोलत असतो आणि नातेवाइकांना अहवालच चुकीचा वाटतो. अहवाल बरोबर असतो. ताणलेली भिंत, वाढलेला कप्पा आणि त्यातून उद्भवू शकणारे घातक अनियमित ठोके यांचा इशारा त्या आकड्यात असतो. याच्या उलट, मिट्रल झडप गळत असेल तर बाहेर टाकलेल्या रक्ताचा काही भाग मागे कर्णिकेत परततो आणि ईएफ प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसतो. एकट्या आकड्यावर विसंबणे या दोन्ही बाजूंनी धोक्याचे आहे.

या आकड्याला भाकिताचे बळ कोठून येते, हे समजण्यासाठी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली मॅडिट-२ ही चाचणी पाहणे उपयुक्त ठरते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि ईएफ ३० टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या १,२३२ रुग्णांपैकी काहींच्या छातीत घातक ठोके ओळखून विजेचा धक्का देणारे आयसीडी हे उपकरण बसवण्यात आले, आणि बाकीच्यांना नेहमीचे औषधोपचार देण्यात आले. सरासरी २० महिन्यांच्या काळात औषधांवरच्या गटात १९.८ टक्के, तर उपकरणाच्या गटात १४.२ टक्के रुग्ण दगावले. मुख्यतः ईएफच्या एका मोजमापावरून रुग्ण निवडून मृत्यू कमी करता आले, ही वैद्यकातील फार मोठी गोष्ट होय. परंतु हेच आकडे दुसऱ्या बाजूनेही वाचले पाहिजेत: ईएफ ३० टक्क्यांखाली असूनही आणि उपकरण नसतानाही दर पाचांपैकी चार रुग्ण त्या काळात जिवंत राहिले, आणि पाचवा कोण असेल हे त्या मोजमापाला सांगता आले नाही. भाकीत गटाचे असते. ते एका माणसाच्या कपाळी लिहिता येत नाही, आणि डॉक्टरांनी ते तसे सांगूही नये.

शिवाय हे भाकीत केव्हा केले याला मोठे महत्त्व आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डिनामिट या चाचणीत झटक्यानंतर ६ ते ४० दिवसांच्या आतच असे उपकरण बसवून पाहिले असता एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. झटक्यानंतर स्नायूचा काही भाग केवळ सुन्न झालेला असतो आणि तो पुन्हा काम करू लागतो. औषधे नियमित घेतल्यास फुगलेली जवनिका कित्येकदा आकुंचन पावते. म्हणूनच आयसीडीचा निर्णय झटक्यानंतर किमान ४० दिवस थांबून आणि सुमारे तीन महिने योग्य औषधोपचार देऊन, इको पुन्हा करून घ्यावा, असा संकेत रूढ झाला आहे. आपल्याकडे पहिल्या इकोचा अहवाल प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला जातो, पण दुसरा इको खर्चामुळे किंवा बरे वाटू लागल्यामुळे टाळला जातो. आणि उपचाराची दिशा बहुधा त्या दुसऱ्या इकोवरच ठरत असते.

मोजमाप म्हटले की त्यात चूक आलीच. जवनिकेच्या आतल्या कडा रेखून, तिचे एकावर एक रचलेल्या चकत्यांत विभाजन करून यंत्र तिचे आकारमान काढते. प्रोब थोडा तिरका धरला किंवा कड अस्पष्ट दिसली तरी आकडा बदलतो, त्यामुळे दोन अनुभवी तपासनिसांच्या अहवालात पाचेक टक्क्यांचा फरक सहज पडू शकतो. उदाहरणार्थ ३४ टक्क्यांना उपकरण आणि ३७ टक्क्यांना नको, अशी रेघ आखताना ही गोष्ट विसरून चालत नाही. संगणकाला चित्रे दाखवून शिकवण्याचे प्रयोग येथेच सुरू झाले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी १०,०३० इको-चित्रफितींवर एका संगणकप्रणालीला शिकवले आणि २०२० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे २०२३ मधील चाचणीत, पहिला अंदाज यंत्राचा की तंत्रज्ञाचा हे न सांगता ३,४९५ तपासण्या हृदयरोगतज्ज्ञांपुढे ठेवल्या असता तज्ज्ञांनी यंत्राच्या १६.८ टक्के, तर तंत्रज्ञांच्या २७.२ टक्के अंदाजांत मोठा बदल केला. हे यश खरे आहे. मात्र प्रणालीने वाचलेले चित्र कोणा माणसाच्या हातानेच काढलेले होते, आणि जेथे तो हातच शिकलेला नाही तेथे उत्तम प्रणालीही वाईट चित्रच वाचणार.

शिवाय आकडा अचूक असला तरी तो सगळे सांगत नाही: हृदयाचा दुबळेपणा असलेल्या बऱ्याच रुग्णांचा ईएफ ५० टक्क्यांच्या वर असतो. त्यांचे हृदय आकुंचन ठीक पावते, पण ताठर झाल्यामुळे भरताना त्यातला दाब वाढतो आणि तो मागे फुफ्फुसापर्यंत पोहोचतो. येथे प्रोब हृदयावरून उचलून फुफ्फुसावर ठेवावा लागतो. हवा ध्वनी जवळजवळ पूर्णपणे परतवते, म्हणून फुफ्फुसाची सोनोग्राफी अशक्य असे दीर्घकाळ मानले गेले. फ्रान्समधील अतिदक्षता-तज्ज्ञ दानिएल लिश्तेनस्टाइन यांनी या समजुतीलाच आव्हान दिले. निरोगी फुफ्फुसात आवरणाला समांतर आडव्या रेषा दिसतात. ऊतींत पाणी साठू लागले की आवरणापासून पडद्याच्या तळापर्यंत जाणाऱ्या, श्वासाबरोबर हलणाऱ्या उभ्या चकाकत्या रेषा दिसतात, ज्यांना बी-लाइन म्हणतात. या रेषा म्हणजे शरीरातील कोणतीही वस्तू नव्हे, तर हवा आणि पाणी यांच्या सान्निध्यामुळे निर्माण होणारा ध्वनीचा आभास आहे, आणि तरीही तो अत्यंत विश्वासार्ह आहे. २००८ मध्ये लिश्तेनस्टाइन यांनी श्वसन अचानक अपुरे पडलेल्या २६० रुग्णांवर आधारलेली जी पद्धत प्रसिद्ध केली, तिने ९०.५ टक्के रुग्णांत अचूक निदान दिले.

भाकिताच्या दृष्टीने २०१६ मधील एक अभ्यास अधिक बोलका आहे. बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या, हृदयाच्या दुबळेपणाच्या १९५ रुग्णांपैकी ज्यांच्या छातीत तीन किंवा अधिक बी-लाइन आढळल्या, त्यांना सहा महिन्यांत रुग्णालयात दाखल होण्याचा किंवा मृत्यूचा धोका चौपट होता. आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या छातीत स्टेथोस्कोपने काहीही ऐकू आले नव्हते. स्टेथोस्कोपला कळण्यापूर्वीच पाणी दिसत होते. हे पाणी पाहून लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांची मात्रा ठरवली तर काय होते, हे स्पेनमधील १२३ रुग्णांच्या २०१९ च्या चाचणीत तपासले गेले, तेव्हा तातडीने डॉक्टरांकडे धाव घेण्याचे प्रसंग कमी झाले, मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही. न्यूमोनियात किंवा फुफ्फुस घट्ट होण्याच्या रोगातही अशा रेषा दिसतात, हेही ध्यानात ठेवावे लागते.

हा लाभ सर्वाधिक कोणाला मिळायला हवा, तर तालुक्याच्या गावी ज्याला क्ष-किरण तपासणीसाठीही प्रवास करावा लागतो त्या रुग्णाला. आणि खिशात मावणारी यंत्रे आता उपलब्ध आहेत. येथे महाराष्ट्राचा इतिहास आड येतो, आणि तो रास्तपणे येतो. गर्भलिंग निदानावर कायद्याने नियंत्रण आणणारे पहिले राज्य १९८८ मध्ये महाराष्ट्र होते. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला, १९९६ मध्ये अमलात आला आणि २००३ मध्ये अधिक कडक झाला. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या राज्यात २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर घसरली. ज्या यंत्राने गर्भाचे लिंग कळू शकते असे यंत्र नोंदणीकृत केंद्रातच असावे आणि सुटसुटीत यंत्रे त्याच आवारात, दाखल रुग्णांसाठी, किंवा विविध आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या पथकात वापरावीत, हा नियम या जखमेतून आला आहे आणि तो सैल करणे अन्यायाचे होईल. प्राथमिक आरोग्य केंद्रांची नोंदणी करून, तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांना हृदय आणि फुफ्फुसाच्या मर्यादित तपासणीचे प्रशिक्षण देऊन, आणि प्रत्येक तपासणीची नोंद ठेवून फिरत्या पथकांतून ही सेवा खेड्यापर्यंत नेणे मात्र याच नियमाच्या चौकटीत शक्य आहे. त्यासाठी लागणारा खर्च यंत्रापेक्षा शिकलेल्या हातावर अधिक होईल, आणि अर्थसंकल्पात तरतूद करताना तो याच क्रमाने धरला गेला पाहिजे.