अर्थ कळत नाही, तरी मान हलते

ट्रेनमध्ये ऐकत असाल तर एक कान मोकळा ठेवा, नाहीतर स्टेशन चुकेल. माझं चुकलंय. नेरुळहून निघालो, रबाळ्याला उतरायचं होतं, आणि डोळे उघडले तेव्हा थेट ठाणे! कानात राम्स्टाइन चालू होतं. आजचा भाग त्यांच्यावरच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. राम्स्टाइन हा बर्लिनचा बँड, 1994 सालचा. सहा जण, सहाही जण पूर्व जर्मनीत वाढलेले, आणि आजही तेच सहा. 1997 मध्ये त्यांचं 'डू हास्ट' आलं, दोन वर्षांनी ते 'द मेट्रिक्स'च्या अल्बममध्ये गेलं आणि जगभर पोचलं. गाणी जवळपास सगळी जर्मनमध्ये. तरी मॉस्को, लॉस एंजेलिस, मेक्सिको सिटीची स्टेडियम त्यांनी भरवली आहेत, आणि ज्यांना जर्मनमध्ये पाणीसुद्धा मागता येणार नाही असे हजारो लोक शब्दन् शब्द ओरडून म्हणतात. हे होतं कसं?

पहिलं कारण मला माझ्या बाबांनी सांगितलं, तेही नकळत. बाबा तुर्भे एमआयडीसीत प्रेस शॉपला होते, आता रिटायर झालेत. एकदा घरी स्पीकरवर गाणं लावलं होतं, तर आतून आवाज आला, "काय रे, पॉवर प्रेस चालू केलाय का घरात?" मी हसलो. पण ते बाहेर येऊन बसले आणि मांडीवर बोटांनी बरोबर ठेका धरला. म्हणाले, "आठ तास हेच ऐकलंय. पंधरा दिवसांनी आवाज ऐकू येत नाही, फक्त ताल राहतो. आणि ताल चुकला की समजायचं, मशीन बिघडलं."

मंडळी, इंडस्ट्रियल म्युझिक म्हणजे नेमकं हेच. 1970 च्या दशकात इंग्लंडमध्ये हे नाव पडलं. 1980 मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये 'आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटन' नावाचा बँड निघाला. ते चक्क पत्रे, भंगार आणि ड्रिल मशीन वाजवायचे. राम्स्टाइनने हा कारखान्याचा ठोका घेतला आणि त्यावर मेटलचं गिटार चढवलं. ठोक्याला भाषा लागत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात वाढलेल्या माणसाला तर तो शिकवावाही लागत नाही.

दुसरं कारण, न कळण्याची मजा. आठवा, 2016 साली 'झिंगाट' आलं. माझ्या हॉस्टेलमध्ये बिहारचा, केरळचा, पंजाबचा, सगळे नाचायचे. अर्थ कुणाला कळत होता? दोन वर्षांनी 'धडक'मध्ये तेच गाणं हिंदीत आलं. आता अर्थ कळायला लागला, पण माझा केरळचा रूममेट म्हणाला, "यार, मराठीवालाच लाव." त्याला शब्दांचा अर्थ नको होता, आवाज हवा होता. 'डू हास्ट'चंही इंग्लिश व्हर्जन आहे. ऐकून बघा, काहीतरी निसटलेलं वाटतं. कारण त्या नावातच चकवा आहे. 'तुझ्याकडे आहे' आणि 'तू तिरस्कार करतोस' या दोन्हींचा जर्मन उच्चार एकच, फरक फक्त एका जास्तीच्या 'एस'चा. इंग्लिशमध्ये दोन्ही अर्थ एका शब्दात मावत नाहीत, एक सोडावा लागतो.

आता जी गोष्ट सांगायची ती जरा अवघड आहे.

हॉस्टेलमध्ये हे गाणं लागलं की एक मित्र उभा राहायचा, हात सरळ समोर ताठ करायचा. तोच तो नाझी सॅल्यूट. सगळे हसायचे. मीपण हसायचो. आम्हाला जर्मन म्हणजे युद्धाच्या सिनेमातला ओरडणारा ऑफिसर, एवढंच माहीत होतं. म्हणजे गाणं आवडायचं त्यातलं निम्मं कारण हेच की भाषा "खतरनाक" वाटायची. न कळण्याची मजा म्हटलं ना मघाशी, तिची ही दुसरी बाजू. जे कळत नाही तिथे आपण आपल्याच डोक्यातलं काहीतरी भरतो.

बँडचीही चूक नव्हती असं नाही. 1998 मध्ये 'स्ट्रिप्ड'च्या व्हिडिओत त्यांनी लेनी रीफेनश्टालच्या 'ऑलिंपिया' या नाझी काळातल्या फिल्मची दृश्यं वापरली. जर्मनीत प्रचंड टीका झाली. 2001 मध्ये त्यांनी 'लिंक्स 2 3 4' काढलं. लिंक्स म्हणजे डावा. आम्ही डाव्या बाजूचे आहोत, हे त्यांनी मिलिटरी कवायतीच्या ठेक्यावर सांगितलं. आता गंमत बघा, अर्थ न कळणाऱ्याला ते गाणं कवायतीचंच वाटणार! मग 2019 मध्ये, मी शेवटच्या वर्षाला असताना, 'डॉइचलांड' आलं. पूर्ण जर्मन इतिहास, छळछावणीसकट, आणि जर्मनीची भूमिका केलीय रूबी कॉमी या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने. स्वतःच्या देशावर प्रेम तर आहे, पण ते सरळ करता येत नाही, असं ते गाणं. त्याचं भाषांतर वाचलं त्या रात्री मला आमचं हसणं आठवलं आणि लाज वाटली.

नोकरी लागल्यावर मी काळा घोड्याच्या मॅक्समुल्लर भवनात ए वनला नाव घातलं. शनिवारी हार्बर लाइनने सीएसएमटी, पुढे चालत. पहिल्याच दिवशी धक्का बसला. जर्मनमध्ये डेर, डी, डास अशी तीन लिंगं आहेत. हिंदीवाले डोकं धरून बसले. आपल्याला काय, तो, ती, ते! अर्थात कुठल्या शब्दाचं लिंग कुठलं हे पाठच करावं लागतं. आपला सूर्य 'तो', त्यांचा सूर्य 'ती'. डू आणि झी म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. आणि त्यांचा 'झेड' म्हणजे आपल्या 'चांगला'मधला च. चंद्रातला नव्हे, चांगल्यातला!

आणि कळलं काय, तर टिल लिंडेमान तो 'र' जसा घोळवतो तसं वर्गात कुणीच बोलत नाही. तो रंगमंचावरचा उच्चार आहे. आमच्या बाई तर इतक्या हळू, गोड जर्मन बोलायच्या की वाटायचं, हीच का ती खतरनाक भाषा?

मग अर्थ कळल्यावर मजा गेली का? नाही. ठोका तोच आहे, मान अजून हलते. फक्त आता हात ताठ करून कुणी उभं राहिलं तर मी हसत नाही. गाणं थांबवतो आणि 'लिंक्स'चा अर्थ सांगतो. त्या मित्रालाही सांगितला, मागच्या दिवाळीत. तो म्हणाला, "अरे, मग तेव्हा का नाही बोललास?" तेव्हा मलाच कुठे माहीत होतं.

तर तुमचं काम. तुम्हाला आवडणारं पण न कळणारं एक गाणं निवडा, कोरियन, पंजाबी, तमिळ, काहीही. आधी चार वेळा नुसतं ऐका. मग अर्थ शोधा आणि पाचव्यांदा ऐका. काय बदललं ते मला व्हॉइस नोट करून पाठवा.

आणि हो, स्टेशनकडे लक्ष ठेवा. भेटू पुढच्या भागात!