वृंदगानाची परीक्षा

वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, तुंगारेश्वराच्या डोंगरांजवळ, कामण हें गांव आहे. या डोंगरपट्टींत वारली स्त्रीपुरुष तारप्याच्या सुरावर फेर धरतात; पश्चिमेस थोड्याच अंतरावर वसईच्या ख्रिस्ती गांवांतून गायनवृंद मराठी प्रार्थनागीतें गातात. अशा परिसरांतील विद्यार्थ्यांनीं जॅझ पद्धतीचें वृंदगान बसविलें, तर परीक्षकानें त्यांत काय ऐकावें? जॅझ या भागास अगदींच परका नाहीं. १९३५ सालीं लिऑन ॲबीचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजत होता, आणि पुढें अशा वृंदांतून वाजविणारे कित्येक गोमंतकीय वादक स्वरलिपि शिकले होते ते चर्चच्या शाळांतून.

या गाण्यांत सा, ग, प आणि कोमल नी असे चार सूर एकाच वेळीं निघतात. कधीं त्यांत रे मिसळतो. शेजारचे सूर इतके जवळ, कीं एक किंचित् ढळला तरी सारा मेळ गढूळ होतो. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या मुलांस येथें मोठा लाभ आहे. खरजाच्या तारेंतून उमटणारा स्वयंभू गंधार त्यांनीं ऐकलेला असतो. सप्तकाचे १२०० भाग कल्पिले, तर पेटीचा शुद्ध गंधार त्याहून सुमारें १४ भाग चढा असतो. (आकाशवाणीनें १९४० सालीं पेटीस दार बंद केलें, त्यामागें असले आक्षेपहि होते; तें दार १९७१ पर्यंत उघडलें नाहीं.) पियानोची साथही तशीच चढी. म्हणून परीक्षकानें एक कडवें साथीवांचून म्हणवून घ्यावें, आणि शेवटीं मूळ षड्ज वाजवून पाहावा. वृंद किती उतरला तें तत्काळ कळतें.

परंतु बेसूर वाटणारें सारेंच बेसूर नसतें. एक मुलगा ‘ए’ पसरट तोंडानें म्हणतो, दुसरा ओठ गोल करून; सूर एकच असूनहि कानास दोन वाटतात. दोष गळ्याचा नव्हे, स्वरोच्चाराचा. ओळ ‘स’ या व्यंजनानें संपत असेल, तर वीस मुलांचे वीस सीत्कार मागेंपुढें ऐकूं येतात. तो उच्चार दोघांतिघांवर सोंपविणें बरें. श्वासहि सर्वांनीं एकदम घेऊं नये. कंप आवरून सूर सरळ लावावा, आणि लांबलेल्या सुराच्या अखेरीसच तो हलूं द्यावा.

लयीचा प्रश्न निराळा. मध्यम गतींत मात्रेचे तीन भाग करून पहिल्या सुरास दोन व दुसऱ्यास एक, असा साधारण झोल येतो; गति वाढली कीं तो सपाट होत जातो. दादऱ्यावर वाढलेल्या मुलांस हें अवघड नाहीं. अवघड जातें तें दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर वजन देणें, कारण त्यांचें मन समेकडे धांवत असतें.

खरी कसोटी एकजीवपणाची, आणि अन्यायहि येथेंच घडतो. एखाद्या मुलीचा आवाज धारदार असतो, स्पर्धा जवळ आलेली असते, आणि शिक्षक हळूच सांगतात, ‘तूं नुसते ओठ हालव.’ मेळ सुधारतो, बक्षीस मिळतें. ती मुलगी मात्र पुन्हा गात नाहीं. असल्या मेळास गुण देणें म्हणजे त्या सल्ल्यास गुण देणें. पॅरिसमध्यें १९६२ सालीं निघालेला स्विंगल सिंगर्स हा वृंद अवघ्या आठ गायकांचा होता. तेथें कोणास लपण्यास जागाच नव्हती. परीक्षकानें दर भागांतून एक अशीं चारचार मुलें पुढें बोलावून चार ओळी ऐकाव्या. ध्वनिवर्धक बंद ठेवावा, नाहींतर यंत्रावर बसलेल्या माणसाच्या कौशल्यास गुण पडतात. धारदार आवाज आढळला, तर तो मिटविला आहे कीं मधल्या रांगेंत, मऊ आवाजांच्या शेजारीं, नीट बसविला आहे, हें पाहावें. ज्या मुलांचा आवाज नुकताच फुटूं लागला आहे, त्यांस चारपांच सुरांचा मर्यादित भाग लिहून दिला आहे काय, हेंहि विचारावें. तसा दिला असेल, तर त्याचे गुण शिक्षकास द्यावे.