डोंगर चढून दान

(उत्सवातील भाषणाचा सारांश)



दूधविनायकात बसून डोंगराच्या गोष्टी कशाला, असे वाटेल. पण १९७७ साली सर एडमंड हिलरी गंगासागराहून जेट बोटींनी निघाले, ते आपल्या घाटांसमोरूनच हिमालयाकडे गेले. दोनच वर्षांपूर्वी काठमांडूजवळ विमान कोसळून त्यांची पत्नी व धाकटी कन्या गेल्या होत्या. दोघी निघाल्या होत्या फाप्लूला. हिलरी तिथे शेर्पांसाठी इस्पितळ बांधीत होते. त्याआधी १९६१ साली खुमजुंगची शाळा आणि १९६६ साली खुंदेचे इस्पितळ उभे राहिले होते. ज्यांच्या पाठीवरून आपले सामान वर गेले, त्यांचे ते देणे होते.

हल्ली शेर्पा वाटाड्यांबरोबर एखादे शिखर चढायचे आणि त्यानिमित्त सेवाकार्यासाठी देणग्या गोळा करायच्या, अशी पद्धत आहे. चांगली आहे. (वर्गणीसाठी आपणही दारोदार फिरतो, नाक कशाला मुरडा?) पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ने २०१२ च्या एव्हरेस्ट मोहिमेसाठी लोकांकडून पैसे घेतले, ते चढाईसाठीच, असे सांगून. हिशेब सरळ.

सेवेच्या नावाने मागणाऱ्याला मात्र विचारावे, परवान्याचा व विमानाचा खर्च देणगीतून की तुमच्या खिशातून? आणि ओझे वाहणाऱ्याचा विमा केवढ्याचा? १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळून १६ नेपाळी कामकरी गेले. सरकारने प्रत्येक घराला प्रथम जाहीर केलेली रक्कम होती ४०,००० नेपाळी रुपये. शेर्पांनी त्या मोसमात पुढे चढायला नकार दिला.