शपथेपूर्वीची निवड

बारावीचा निकाल लागला म्हणजे घरोघरी एकच प्रश्न ओसरीवर येऊन बसतो : पुढे काय? ज्या गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हे बिरुद कायमचे चिकटले आहे, त्या सातारा जिल्ह्यातील आपशिंग्यासारख्या गावी या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. आजा फौजेत होता, चुलता फौजेत आहे. तेव्हा नातवाने पहाटे उठून धावण्याचा सराव करावयाचा, हे ओघानेच आले. वडीलधारी मंडळी सांगतात, “बाळा, आधी भरती हो, काम काय मिळेल ते पुढचे पुढे पाहू.” या सांगण्यात माया आहे, अनुभवही आहे; परंतु एक उणीव आहे. फौजेत शिरल्यावर मनासारखे काम निवडता येते, हा समज बहुतांशी खोटा ठरतो. काम निवडावयाचे असते ते शिरण्यापूर्वी, अर्जाच्या कागदावर. आणि तो कागद भरणाऱ्याचे वय बहुधा अठराच्या आसपास असते.

ज्या मुलाने भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन बारावी केली, त्याच्यापुढे या कागदावर एक निराळा रकाना उघडतो. भारतीय सैन्यात नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती होण्यास हेच तीन विषय आणि त्यांच्या जोडीला इंग्रजी लागते. एकूण निदान ५० टक्के आणि प्रत्येक विषयात निदान ४० टक्के गुण हवेत. लेखी परीक्षा, १.६ किलोमीटरची धाव आणि शरीराची तपासणी यांतून कोणाचीही सुटका नाही. निवड झाल्यावर लखनौ येथील आर्मी मेडिकल कोअरच्या केंद्रात शिक्षण सुरू होते. तेथे मुलगा आधी सैनिक होतो आणि मग शुश्रूषक होतो. २०२२ पासून सैन्यातील बहुसंख्य जवानांची भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी होऊ लागली. नर्सिंग असिस्टंटची जाहिरात मात्र तिच्याहून वेगळी निघते. म्हणून शेजारच्या मुलाने जी जाहिरात वाचली, तिच्या अटी आपल्यालाही लागू असतील असे गृहीत धरू नये. आपली जाहिरात आपण स्वतः, अथपासून इतिपर्यंत वाचावी.

सैनिकी वैद्यकसेवेला याखेरीजही दारे आहेत. औषधनिर्माणशास्त्राची पदविका किंवा पदवी घेतलेल्यांसाठी सिपॉय फार्मा हे पद आहे. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्यांसाठी पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत १९६२ पासून वैद्यकीय पदवीचे शिक्षण मिळू लागले. मुलींसाठी सैनिकी परिचर्या सेवेची वाट आहे. चार वर्षांचा नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम पुरा केल्यावर त्या लेफ्टनंट म्हणून सेवेत दाखल होतात. दुरून पाहणाऱ्यास ही सारी एकाच लाल क्रॉसखालची माणसे दिसतात. प्रत्यक्षात प्रत्येक दारामागचे दालन निराळे आहे, आणि एका दालनातून दुसऱ्या दालनात सहज जाता येत नाही.

नेमका येथेच पहिला गैरसमज उद्भवतो. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत थोड्या गुणांनी मागे पडलेला मुलगा मनाशी म्हणतो, “डॉक्टर नाही तर निदान डॉक्टरजवळचा तरी होऊ, पुढे बढती मिळेलच.” बढती मिळते यात शंका नाही. जवानाचा नाईक होतो, हवालदार होतो, सुभेदारही होतो. परंतु बढतीने कोणी डॉक्टर होत नाही. डॉक्टर व्हावयाचे तर वैद्यकीय महाविद्यालयाचाच उंबरठा ओलांडावा लागतो. ही गोष्ट आधी न उमगता आलेला मुलगा आपले काम दुय्यम समजू लागतो. जो शुश्रूषक आपल्या कामाला हुकलेल्या भाग्याची खूण समजतो, त्याच्या हातची सुई रोग्याला अधिक टोचते. याउलट, शुश्रूषा हेच आपले काम असे समजून जो आला, तो जेथे उभा राहील तेथे आधार होतो. हिमालयातील कित्येक उंच चौक्यांवर डॉक्टर नसतो. वैद्यकी जाणणारा माणूस असतो तो हा नर्सिंग असिस्टंट. विरळ हवेमुळे एखाद्या जवानाच्या फुप्फुसांत पाणी साचू लागले, तर ते वेळीच ओळखणे, प्राणवायू देणे आणि त्याला तातडीने खाली उतरविण्याची व्यवस्था करणे, हे त्याच्याच नजरेवर अवलंबून असते. खोकला साधा आहे की घात करणारा आहे, याचा निर्णय मध्यरात्री घेणाऱ्या त्या विशीतल्या मुलाला दुय्यम कोण म्हणेल?

दुसरा गैरसमज आईच्या मनात असतो. फौजेत जायचेच असेल तर पोराने इस्पितळात तरी असावे, म्हणजे गोळीपासून दूर राहील, असे तिला वाटते. तिचे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते खरे नाही. जायबंदी माणसाचे पहिले इस्पितळ शहरात नसते. ते पलटणीच्या मागोमाग, मारगिरीच्या टप्प्यात असते. तेथे रेजिमेंटचा डॉक्टर आणि त्याचे नर्सिंग असिस्टंट प्रथमोपचार करतात. तेथून जखमी माणूस फील्ड हॉस्पिटलकडे जातो आणि मग मोठ्या इस्पितळाची पायरी येते. रणभूमीवर जे प्राण वाचविता येण्यासारखे असतात, त्यांतील सर्वांत अधिक रक्तस्रावाने जातात. म्हणजे पहिल्या काही मिनिटांत ज्याने दंडाला किंवा मांडीला आवळपट्टी बांधली, त्याने पुढच्या साऱ्या शल्यविद्येला संधी मिळवून दिली. ती पट्टी दुरून बांधता येत नाही.

जुलै २०२३ मध्ये सियाचिन भागात आग लागली तेव्हा तेथील रेजिमेंटचे डॉक्टर कॅप्टन अंशुमान सिंह यांनी सहकाऱ्यांना ज्वाळांतून बाहेर काढले. मग आग वैद्यकीय तपासणीच्या निवाऱ्याकडे पसरली, आणि तेथील औषधे वाचविण्याच्या प्रयत्नात त्यांचा अंत झाला. त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र मिळाले. ते पुण्याच्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. समोर शत्रू नसतानाही या सेवेला प्राणांची किंमत पडू शकते, हे त्यांच्या मरणाने दाखविले.

तिसरी गोष्ट गैरसमजाची म्हणण्यापेक्षा विस्मरणाची आहे. सैन्यात वैद्यकीय काम घेणारा माणूस आपल्या पलटणीचा असतोच; पण तो केवळ तिचाच राहत नाही. १८५९ मध्ये सोल्फेरिनोच्या रणांगणावर पडलेले हजारो जखमी पाहून आँरी द्यूनां या स्विस गृहस्थाचे मन हेलावले, आणि त्याच्या खटपटीतून १८६४ चा जिनीव्हा करार जन्मास आला. पुढे १९४९ मध्ये हे करार विस्तृत झाले, आणि भारताने १९६० मध्ये त्यांसाठी कायदा केला. या करारांप्रमाणे शुश्रूषकावर हेतुतः हल्ला करावयाचा नाही. त्यानेही शस्त्र वापरावयाचे ते स्वतःच्या आणि आपल्या रोग्यांच्या रक्षणापुरतेच. जखमींत कोणाला आधी हात लावावयाचा, हे ठरविण्यास एकच कसोटी मान्य आहे : कोणाची जखम अधिक तातडीची आहे. तो आपला आहे की शत्रूचा, हा प्रश्नच उरत नाही. ज्याने घटकेपूर्वी आपल्या मित्रावर गोळी झाडली, त्याच्या तोंडाला पाणी लावावयाचे आहे, ही जाणीव ठेवून अर्जातील तो रकाना भरावयाचा असतो.

अशी निवड जाणतेपणाने करणाऱ्यांची परंपरा या देशाला आहे. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले तेव्हा मोहनदास गांधी या तरुण बॅरिस्टरने हिंदी लोकांचे शुश्रूषापथक उभारले. पथकात सुमारे अकराशे माणसे होती. बरीचशी मळ्यांवरचे गिरमिटिया मजूर होती. मारगिरीच्या कक्षेबाहेरच काम करावयाचे, असे आरंभी ठरले होते. परंतु स्पिऑन कॉपच्या लढाईच्या वेळी, तुम्ही बांधलेले नाही, तरीही आत येऊन जखमी उचलाल का, अशी विचारणा झाली. पथक बिनदिक्कत आत गेले. एकदा केलेली निवड पुन्हा एकदा, अधिक किंमत देऊन करावी लागते, हे त्या डोलीवाहकांनी दाखवून दिले.

पुढे स्वतंत्र भारतावरही असाच प्रसंग आला. १९५० मध्ये कोरियात युद्ध सुरू झाले. भारताने तेथे लढाऊ सैन्य न पाठविता ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठविले. अवघ्या तीन वर्षांच्या स्वतंत्र राष्ट्राने जणू त्याच अर्जावर त्याच रकान्यात खूण केली. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखालच्या या पथकातील काही जण मार्च १९५१ मध्ये अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर विमानातून मुन्सानजवळ उतरले. पथकाच्या दुसऱ्या भागाने दाएगू येथे कोरियन नागरिकांवर उपचार केले. रंगराज यांना महावीरचक्र मिळाले. बंदूक न उचलता रणभूमीवर जाणे म्हणजे मागे राहणे नव्हे, हे जगाने तेथे पाहिले.

निवड आधी करावी, हा विचार अमेरिकेत अधिक रोखठोकपणे मांडला जातो. तेथे शालान्त परीक्षा झालेला मुलगा सैन्याची क्षमताचाचणी देतो, आणि त्याला मिळणारे काम करारपत्रावर लिहिलेले असते. सैन्यातील मेडिक व्हावयाचे असेल तर ‘६८ डब्ल्यू’ हा संकेत कागदावर आहे की नाही, ते सही करण्यापूर्वी पाहावे लागते. भरती करणाऱ्या अधिकाऱ्याच्या तोंडी आश्वासनाला तेथे किंमत नसते. तेथील आणखी एक गोष्ट उद्बोधक आहे. अमेरिकेच्या मरीन दलाजवळ स्वतःचे शुश्रूषक नाहीत. ते नौदलाकडून येतात. म्हणून जहाजावरील स्वच्छ इस्पितळाचे चित्र मनात धरून नौदलात गेलेला मुलगा मरीन सैनिकांबरोबर चिखलातून चालताना दिसतो. कामाचे नाव कळले म्हणजे कामाचे ठिकाण कळले, असे होत नाही.

मग अठरा वर्षांच्या मुलाने करावे तरी काय? प्रथम त्याने आपल्या शरीराला नव्हे, मनाला काही प्रश्न विचारावेत. रक्त पाहून हात थरथरतो, की हात पुढे होतो? वांती पुसणे, मलमूत्राचे भांडे उचलणे, रात्रभर कण्हणाऱ्याजवळ जागणे, ही कामे कमीपणाची वाटतात का? यांची उत्तरे घरी बसून मिळत नाहीत. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एखादा नातलग आजारी असेल, तर चार रात्री त्याच्या उशाशी काढाव्यात. शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी म्हाताऱ्यालाही पाणी द्यावे. जे शंभर सल्ल्यांनी कळत नाही ते या चार रात्री शिकवतील. दुसरे असे की, गावात या कोअरमधून निवृत्त झालेला कोणी असेल तर त्याच्याकडे जावे. त्याला केवळ पगार विचारू नये. दिवस कसा जातो, बदल्या कोठे होतात, सेवा संपल्यावर बाहेरच्या इस्पितळांत कोणते प्रमाणपत्र चालते, हे विचारावे. वडिलांनीही मुलाला एकच गोष्ट विचारावी : तुला फौजेत जायचे आहे, की हे काम करायचे आहे? दोन्हींचे उत्तर होकारार्थी आले, तर पोराच्या पाठीवर हात ठेवावा. पहिल्याचेच आले, तर फौजेत इतर कामे पुष्कळ आहेत. त्यांतही मान आहे.

३ एप्रिल १९४३ रोजी तीन जुन्या सेवांच्या एकीकरणातून उभ्या राहिलेल्या या कोअरचे ब्रीद, सर्व माणसे निरोगी असोत, असे आहे. लखनौच्या मैदानावर कसम परेडच्या दिवशी तरुण जवान शपथ घेतात तेव्हा ध्वज असतो, बँड असतो आणि दूर उभे राहिलेले आईबाप असतात. तो क्षण भव्य असतो. पण निवडीचा क्षण तो नव्हे. निवड त्यापूर्वीच, गावाकडे, कंदिलाखाली किंवा विजेच्या दिव्याखाली, एका साध्या कागदावर झालेली असते. पुढे कधी तरी एखाद्या बर्फाच्या चौकीवर कोणा अनोळखी जवानाचा श्वास त्या कागदावरच्या खुणेवर अवलंबून राहणार असतो. ती खूण करताना मुलाचा हात क्षणभर थांबला, आणि मग स्थिरपणे चालला, तर तो सैन्याच्याही उपयोगी पडेल आणि रोग्याच्याही.