पाहुण्याने घराची वेळ पाहावी
(समथर येथील कुटुंबमेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त योजिलेल्या सहलीविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आहे. वस्तुतः सहलीची आखणी हा काही भाषणाचा विषय नव्हे. दोन सूचना आणि शिदोरीची एक यादी एवढ्यात तो आटोपावयास हवा. परंतु सहलीच्या वारावरून आपणांमध्ये जो वाद चालला आहे, त्याच्या मुळाशी एक मोठा प्रश्न आहे असे आम्हांस वाटते. म्हणून थोडा वेळ घेतो.

बेत सर्वांस ठाऊक आहेच. सकाळी येथील गुर्जर राजांचा किल्ला आणि त्याचा खंदक बाहेरून पाहावयाचा, मोंठला जाऊन झाशीचा हमरस्ता धरावयाचा, वाटेत चिरगावी कविवर्य मैथिलीशरण गुप्त यांच्या जन्मगावास नमस्कार करावयाचा आणि झाशीस संत ज्यूड यांचे तीर्थमंदिर पाहावयाचे. येथवर एकमत आहे. मतभेद एवढाच, की बहुतेकांना रविवार हवा आणि आम्ही शनिवार मागतो. रविवारी कचेऱ्यांना व शाळांना सुट्टी असते, हे खरे. पण ज्यांच्या घरी आपण जाणार, त्यांचा तो उपासनेचा मुख्य दिवस आहे.

प्रथम त्या स्थानाची ओळख करून घेऊ. संत ज्यूड, ज्यांना थद्देयस असेही म्हणतात, हे येशू ख्रिस्ताच्या बारा प्रेषितांपैकी एक. येशूचा घात करणारा यहूदा निराळा. नामसादृश्यामुळे पुष्कळांची गल्लत होते. सर्व उपाय थकले म्हणजे ज्यांचा धावा करावा असे संत, अशी कॅथलिकांची त्यांच्यावर श्रद्धा आहे. झाशीचे पहिले बिशप फ्रान्सिस झेवियर फेनेक यांनी हे स्थान उभे केले. झाशीचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो 1954 साली. दरवर्षी 28 ऑक्टोबरला संतांचा सण असतो आणि दूरदूरचे भाविक तेथे येतात. दुखण्याने गांजलेले, संसारात खचलेले लोक एरवीही तेथे येऊन बसतात. तात्पर्य, ती रिकामी पडलेली पुरातन वास्तू नव्हे. तेथे नित्य उपासना चालते.

आता एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरी आम्ही अशाच एका जुन्या चर्चमध्ये गेलो होतो. तीसपस्तीस माणसे, मुलांचा कलकलाट, हाती कॅमेरे. रविवारची सकाळ होती. आत प्रार्थना चालू आहे हे दारातच कळले होते. पण गाडीची वेळ गाठावयाची म्हणून आम्ही आत शिरलो. पुढल्या बाकावरील एका वृद्ध बाईंनी मागे वळून पाहिले आणि पुन्हा मान खाली घातली. त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

त्या पाहण्याचा अर्थ आम्हांस कळला तो पुढे, झाशीच्या महाराष्ट्र गणेश मंदिरात. 1842 साली गंगाधरराव आणि लक्ष्मीबाई यांचा विवाह तेथे झाला, म्हणून प्रवासी ते पाहावयास येतात. येणे योग्यच आहे. त्या दिवशी आरती चालू असता एक मंडळी आली, मोठ्याने इतिहास सांगू लागली आणि आमच्यासमोर उभी राहून छायाचित्रे घेऊ लागली. आम्हांस राग आला. त्यांच्या लेखी ते राणीच्या लग्नाचे स्थळ होते. आमच्या लेखी मुलखापासून दूर राहिलेले आपले दैवत होते. राग ओसरल्यावर त्या वृद्ध बाई आठवल्या, आणि मान आमची खाली गेली.

म्हणून आमच्या सूचना अशा. शनिवार ठरवावा, आणि आधी दोघांनी जाऊन तेथील धर्मगुरूंना भेटावे. मिस्सा केव्हा असते, लग्न वा अंत्यविधी आहे काय, इतक्या माणसांनी केव्हा आलेले चालेल, हे त्यांनाच विचारावे. ते सांगतील ती वेळ घ्यावी. आपण आत असता उपासना सुरू झाली, तर मागील बाकांवर स्वस्थ बसावे किंवा हळूच बाहेर यावे. मिस्सेमध्ये भाकरीचा जो पवित्र अंश देतात, तो प्रसाद समजून हात पुढे करू नये. तो कॅथलिक श्रद्धावंतांसाठीच असतो. वेदीच्या पायऱ्या चढू नयेत. विचारल्यावाचून छायाचित्र घेऊ नये, आणि प्रार्थनेस बसलेल्या माणसाचे तर मुळीच घेऊ नये. पेटीत यथाशक्ति काही टाकावे. मुलांना हे सारे घरूनच समजावून आणावे. तेथे दटावण्याची पाळी येऊ नये.

ही कथा आपल्या भाषेला परकी आहे असेही कोणी मानू नये. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले, ते मराठी ओव्यांत. वसईकडे आजही कित्येक घरांतील प्रार्थना मराठीतच होते.

बंधुभगिनींनो, परमुलखात राहणाऱ्या आपणांस पाहुणा होणे आणि यजमान होणे, दोन्ही नित्याचे आहे. आपल्या आरतीच्या वेळी आलेल्याने क्षणभर थांबावे असे आपणांस वाटते ना? मग एक दिवसाची रजा टाकून आपणही तेवढे थांबू या. शनिवारच्या बाजूने हात वर करावेत, एवढीच विनंती करून आम्ही रजा घेतो.