ताठ मानेनं, इंग्रजीतसुद्धा

आज एकच इंग्रजी वाक्प्रचार शिकूया, पण अगदी पक्का करूया.

आपण म्हणतो, ‘ती ताठ मानेनं चालते.’ याचं शब्दशः इंग्रजी करून ‘शी वॉक्स विथ स्ट्रेट नेक’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल, बाईची मान आखडली आहे! इंग्रजीत मान नव्हे, डोकं उंच ठेवतात: ‘शी वॉक्स विथ हर हेड हेल्ड हाय.’

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, डोकं कुणाचं ते सांगायचं. मराठीत ‘ताठ मानेनं’ म्हटलं की मान कुणाची, असं कुणी विचारत नाही. इंग्रजीत मात्र मी चालले तर ‘माय हेड’, ती चालली तर ‘हर हेड’, सगळ्याजणी चालल्या तर ‘देअर हेड्स’. दुसरी, काळाप्रमाणे फक्त ‘वॉक’ बदलतो: वॉक्स, वॉक्ड, विल वॉक. ‘हेल्ड’ तसाच राहतो. ‘होल्ड हाय’ करायचं नाही.

आता उदाहरण घेऊ. 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तिथं शिकवायला जाताना सावित्रीबाई फुल्यांवर लोक शेण, चिखल फेकत. त्या जादा साडी सोबत नेत, शाळेत बदलत आणि शिकवायला उभ्या राहत. म्हणून म्हणायचं, ‘सावित्रीबाई वॉक्ड टू स्कूल विथ हर हेड हेल्ड हाय.’

इथं ‘स्ट्रटेड’ म्हटलेलं चालेल का? नाही. ‘स्ट्रट’ म्हणजेही ऐटीत चालणं, पण पिसारा फुलवलेल्या मोरासारखं. त्यात बहुधा ‘बघा मला’ असा तोरा असतो. सावित्रीबाईंना मिरवायचं नव्हतं, वर्गात पोचायचं होतं.

हा फरक आपल्या रोजच्या कामाचा आहे. ‘शी स्ट्रट्स अराउंड द ऑफिस’ असं तुमच्याबद्दल कुणी म्हणालं, तर ती शाबासकी नाही, टोमणा आहे. टोमणा कळला, तरच त्याला उत्तर देता येतं.

उद्या चारकोपहून डहाणूकरवाडीच्या मेट्रोकडे निघालात, की चालता चालता तीन वाक्यं जुळवा: एक स्वतःबद्दल, एक आईबद्दल, एक आपल्या लेकींबद्दल. ‘माय’, ‘हर’, ‘देअर’ जागच्या जागी बसले, की वाक्प्रचार तुमचा झाला.