विम्याचा अर्ज आणि कोर्टाचा कागद

अक्कलकुवा तालुक्यातले नर्मदाकाठचे मणिबेली 1993 साली सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाऊ लागले. त्या सुमारास तिथल्या सत्याग्रहात पुष्कळांना अटक झाली. अशा माणसाला आयुर्विमा मिळतो का?

मिळू शकतो. काही कंपन्या अर्जात विचारतात, खटला चालू आहे काय, शिक्षा झाली आहे काय. हे दोन प्रश्न निराळे. खटला म्हणजे शिक्षा नव्हे. निर्दोष सुटला असाल तर तसे लिहा, निकालाची नक्कल जोडा. शिक्षा झाली असली तर तीही लिहा. कंपनी हप्ता वाढवील, कदाचित नाहीही म्हणेल. मग दुसरीकडे विचारावे.

एखादा एजंट म्हणतो, “लिहा हो ‘नाही’, कोण बघतंय!” बघतात ते माणूस गेल्यावर, आणि भोगते घरची बाई. विमा कायद्याच्या 45व्या कलमाप्रमाणे पहिल्या तीन वर्षांत महत्त्वाची गोष्ट लपवल्याचे दिसले, तर दावा फेटाळता येतो. तीन वर्षांनंतर मात्र पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. म्हणून काय ही तीन वर्षे जुगार खेळायचा?

अर्ज वाचता येत नसेल तर गुरुजींकडे न्या. गुरुजी, प्रत्येक प्रश्न त्यांच्या बोलीत सांगा, आणि सही किंवा अंगठा त्यानंतरच घ्या.